मशक, मैदान आणि शिमल्याचे पाणी

शिमल्याला जाणारा मराठी पर्यटक रिजवर फोटो काढतो, मुलांना घोड्यावर बसवतो, ख्राइस्ट चर्चकडे पाहत गरम मक्याचे कणीस खातो आणि मॉल रोडवरून एखादी शाल घेऊन परत येतो. ज्या मोकळ्या मैदानावर तो उभा असतो त्याच्या पोटात एक प्रचंड टाकी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. चुन्यात बांधलेली, आतून खणाखणांत विभागलेली, इंग्रजांच्या अमदानीतली ही टाकी सुमारे ४५ लाख लिटर पाणी साठवते आणि निम्म्याअधिक जुन्या शहराला तेथूनच पाणी सुटते. म्हणजे शिमल्याची सगळी मौज, सगळी हवा खाणारी गर्दी, अक्षरशः पाण्याच्या डोक्यावर उभी असते. आणि तरीही हे शहर गेली दीडशे वर्षे पाण्यासाठी तरसत आले आहे.

थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास आपल्याकडे बहुधा बंगल्यांचा, बॉलनृत्यांचा आणि लाटसाहेबांच्या भानगडींचा इतिहास म्हणून लिहिला गेला. तो चविष्ट आहे, यात शंका नाही. पण त्या बंगल्यांत आंघोळीचे पाणी कोण भरत होते, हा प्रश्न विचारला की तोच इतिहास वेगळा दिसू लागतो. आम्हाला येथे तो प्रश्न विचारायचा आहे. कारण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका मुसलमान जमातीच्या पाठीवर आहे.

गुरख्यांशी झालेले युद्ध १८१६ मध्ये संपले आणि सतलज व यमुना यांच्या मधला हा डोंगराळ मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला. १८१९ मध्ये लेफ्टनंट रॉस याने शिमल्यात एक लाकडी, गवताने शाकारलेली झोपडी बांधली. १८२२ मध्ये चार्ल्स केनेडी याने पहिले पक्के घर बांधले. १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल ॲमहर्स्ट येथे उन्हाळा काढून गेला, १८३० मध्ये क्योंथळच्या राण्याकडून आणि पतियाळाच्या महाराजाकडून जमीन पदरात पडली. १८६४ मध्ये जॉन लॉरेन्सने शिमल्याला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी केले. त्यानंतर दरवर्षी अख्खे सरकार कागदपत्रांच्या पेट्यांसह डोंगर चढू लागले. कालका-शिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. तोवर हे सारे ओझे घोडे, खेचरे, टांगे आणि माणसे यांच्यावरच होते.

घरे बांधताना साहेबाने हवा पाहिली, देखावा पाहिला, देवदारांची सावली पाहिली. पाणी पाहिले नाही. शिमला वसले ते डोंगराच्या धारेवर. या धारेच्या एका उतारावर पडलेला पाऊस सतलजला मिळून सिंधूमार्गे अरबी समुद्रात जातो आणि दुसऱ्या उतारावरचा यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरात. भूगोलाच्या पुस्तकात ही गोष्ट फार शोभते. व्यवहारात तिचा अर्थ एवढाच, की पाणी दोन्ही बाजूंनी पळून जाते. माथ्यावर नदी नसते, तळे नसते. असतात त्या बावड्या, म्हणजे डोंगराच्या कुशीतले झरे. आणि तेही माथ्याखाली, घळीत. त्यात एप्रिल ते जून हा हंगाम. मैदानी प्रदेशात उन्हाचा कहर होतो तेव्हा माणसे वर येतात आणि नेमके तेव्हाच हिवाळ्यातल्या बर्फावर पोसलेले झरे आटत आलेले असतात. माणसांची भरती आणि पाण्याची ओहोटी एकाच महिन्यात. हा पेच १८३० मध्ये होता, २०१८ मध्येही होता.

मग पाणी वर कसे येई? भिश्त्याच्या पाठीवरून.

भिश्ती हा शब्द फारसीतल्या ‘बहिश्त’पासून आला, म्हणजे स्वर्गातला माणूस. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीय, अशी ही समजूत. शेळीच्या अखंड कातड्याची मशक पाठीवर टाकायची, तिचे तोंड मुठीत धरायचे आणि कमरेत वाकून चालायचे, हा त्यांचा धंदा. उत्तर हिंदुस्थानात ही जमात मुसलमान. त्यांना सक्का असेही म्हणतात आणि पुष्कळ जण आपले नाते करबल्याच्या हजरत अब्बासशी जोडून अब्बासी असे आडनाव लावतात. इसवी सन ६८० मध्ये फुरात नदीवरून तहानलेल्या मुलांसाठी मशक भरून आणताना हजरत अब्बास शहीद झाले. पाणी वाहणाऱ्यांनी त्यांना आपला पूर्वज मानावे, यात नवल नाही. आपल्या महाराष्ट्रातले पखाली याच धंद्यातले. फरक इतकाच, की आपल्याकडे पखाल बहुधा रेड्याच्या पाठीवर लादली जाई आणि त्या रेड्याला हाल्या म्हणत. अनेक जुन्या गावांत पखाल्यांची आळी असे. आता नळ आले, आळीचे नाव तेवढे राहिले.

भिश्त्याला इतिहासात एकदाच बादशाही मिळाली. १५३९ मध्ये चौसा येथे शेरखानाने हुमायूनचा पराभव केला. गंगेत बुडणाऱ्या बादशहाला निजाम नावाच्या भिश्त्याने फुगवलेल्या मशकेच्या आधाराने पैलतीराला नेले. हुमायूनने वचन पाळले आणि त्याला तख्तावर बसवले. कोणी म्हणतात अर्धा दिवस, गुलबदन बेगम म्हणते दोन दिवस. त्याने मशकेचे कातडे कापून नाणी पाडली, ही आख्यायिका असावी; पण ती लोकांनी जपून ठेवली, हे महत्त्वाचे. आमच्या सभा-संमेलनांत हुमायूनचे नाव निघते, शेरशहाचे निघते. निजामाचे नाव गोष्टीच्या तोंडी लावायला येते. आमच्या इतिहासलेखनात बादशहा फार आणि भिश्ती थोडे, ही तक्रार आम्ही इतरांविरुद्ध करीत नाही. ती घरातलीच तक्रार आहे.

शिमल्यात साहेबाच्या प्रत्येक बंगल्यावर खानसामा, बेअरा, धोबी, साईस आणि मेहतर यांच्या जोडीला भिश्ती असे. पहाटे बावडीवर जायचे, मशक भरायची, चढ चढायचा, न्हाणीघरातले टब भरायचे, बागेला पाणी घालायचे, संध्याकाळी साहेब-मेमसाहेब फिरायला निघण्यापूर्वी धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपायचे. त्याच मॉलवर गाडी-घोडा नेण्याचा मान फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर यांना होता. बाकीच्यांनी माणसांनी ओढलेल्या रिक्षात बसायचे. रस्ता शिंपणाऱ्याला त्याच रस्त्यावर सावकाश फिरण्याची मुभा नव्हती. १९०१ च्या जनगणनेत शिमल्याची लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास भरली आणि त्यात साडेतीन हजारांहून अधिक मुसलमान होते. म्हणजे चारांत एक. हे नवाब नव्हते. खानसामे, दर्जी, कसाई, भिश्ती, कारागीर, छोटे दुकानदार आणि काश्मीरहून ओझी उचलायला आलेले हातो, अशी ही वस्ती होती.

इंग्रजी साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध भिश्ती म्हणजे किपलिंगच्या कवितेतला गंगादीन. किपलिंगने १८८० च्या दशकातले काही उन्हाळे शिमल्यात काढले होते. धंदा भिश्त्याचा आणि नाव गंगादीन! कवीला माणूस आवडला, त्याची जमात नीट पाहण्याची गरज भासली नाही. असो.

आता मैदानाकडे वळू. शिमल्याच्या धारेखाली, देवदारांच्या कोंदणात ॲनन्डेल नावाची एक सपाट जागा आहे. डोंगरात सपाट जागा म्हणजे सोने. डोंगरी शेतकरी अशी जागा शेतीसाठी जपतो; साहेबाने ती खेळासाठी राखली. घोड्यांच्या शर्यती, क्रिकेट, पोलो, फुलांची प्रदर्शने, जत्रा, सारे येथेच. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन हिने १८३९ मध्ये ॲनन्डेलवरच्या राणीच्या वाढदिवसाच्या मेजवानीचे वर्णन करून ठेवले आहे. शंभरेक गोरे नाचत आहेत आणि भोवती तीनएक हजार डोंगरी माणसे घोंगड्या पांघरून ही करमणूक पाहत उभी आहेत. ही माणसे आपल्या सर्वांची मुंडकी का उडवीत नाहीत, याचे आपल्याला कधीकधी आश्चर्य वाटते, अशा आशयाचे ती मोकळेपणाने लिहून जाते. याच बाईने थोड्या काळापूर्वी भावाच्या लवाजम्यासह कानपूरच्या बाजूचा १८३७-३८ चा भीषण दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. तिची नजर तीक्ष्ण होती. त्या नजरेला विसंगती दिसत होती. तिच्या भावाच्या सरकारला ती खुपत नव्हती, एवढेच.

ॲनन्डेलवरच १८८८ मध्ये परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड याने गोऱ्या पलटणींसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. तीच पुढची ड्युरँड कप. ती १९४० मध्ये दिल्लीला गेली आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून कप जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. फुटबॉलला एक चेंडू आणि पायात जोर लागतो, पाणी लागत नाही, म्हणून ते आमच्या वस्त्यांत रुजले. गोल्फ रुजले नाही. ते रुजण्याजोगे नव्हतेच.

गोल्फची कहाणी हिंदुस्थानात जुनी आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. शिमल्याच्या मुलखात या खेळाचे नाव जोडले गेले ते लॉर्ड कर्झनशी. १८९९ ते १९०५ या काळात तो व्हाइसरॉय होता. शिमल्यातली गर्दी आणि उठबस त्याला रुचत नसे. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर नालदेहरा येथे देवदारांनी वेढलेले एक उतरते कुरण त्याच्या मनात भरले. तेथे तो तंबू ठोकून राही, झाडाखाली कागदपत्रे निकालात काढी. जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीचे नाव त्याने अलेक्झांड्रा नालदेरा ठेवले. बंगालच्या फाळणीची तयारी ज्या काळात चालली होती, त्याच काळात येथे गोल्फचे मैदान आखले गेले. देशातल्या जुन्या मैदानांत त्याची गणना होते. आज ते १८ होलचे असून मैदानाच्या आवारातच गावकऱ्यांच्या महूनाग देवाचे लाकडी देऊळ उभे आहे. देव आधीचा, व्हाइसरॉय नंतरचा.

येथे एका गोष्टीचा न्याय केला पाहिजे. कर्झनच्या काळातले गोल्फ म्हणजे आजच्यासारखे फवाऱ्यांवर पोसलेले गवत नव्हे. कुरणावर पावसाने उगवेल ते गवत, तेच मैदान. त्या खेळाने तेव्हा पाणी फारसे प्यायले नसेल. त्याने जागा व्यापली आणि एक सवय लावली. डोंगर म्हणजे मोकळी, हिरवी, आपल्यासाठी राखलेली जागा, ही ती सवय. राजे गेले, सवय राहिली. पुढे गवत उन्हाळ्यातही मखमलीसारखे हिरवे हवे, हॉटेलच्या खोलीत चोवीस तास गरम पाणी हवे, गाडी रोज धुतलेली हवी, इथपर्यंत ती वाढत गेली.

आणि पाणी? त्याचा हिशेब शिमल्याच्या नगरपालिकेच्या नोंदींतूनच मिळतो. १८७५ मध्ये ढल्लीच्या जंगलातून नळाने पाणी आणण्याची व्यवस्था झाली, ती १६ हजार माणसे धरून. १९०४ च्या उन्हाळ्यात माणसे मोजली तर ती ३५ हजारांवर गेली होती. म्हणजे तीस वर्षांत योजना निम्म्याने तोकडी. १९१४ मध्ये चेरोट-जगरोटी आणि चैड नाले जोडले. १९२४ मध्ये गुम्मा येथे नौटी खड्डाचे पाणी पंपाने उचलायला सुरुवात झाली. १९८२ मध्ये तीच योजना वाढवली. हे पाणी हजारभर मीटर वर चढवावे लागते, म्हणजे प्रत्येक बादलीमागे वीज जळते. १९९२ मध्ये अश्वनी खड्ड, २००८ मध्ये गिरी नदी. दर पिढीला एक नवा ओढा, प्रत्येक वेळी अधिक लांबचा आणि अधिक खोलातला. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या १ लाख ७० हजारांच्या घरात होती. उन्हाळ्यातले पर्यटक वेगळे.

१८७५ हे साल आम्हाला मराठी माणूस म्हणून थोडे अडते. शिमल्यात नळ येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दडी मारून बसला. सोलापूर, नगर, कलादगी होरपळले. त्या १८७६-७८ च्या दुष्काळात मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, हे धोरण रिचर्ड टेंपलने राबवले आणि त्यामागे लिटनच्या सरकारचा काटकसरीचा हुकूम होता. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी १८७७ मध्ये या मजुरीविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उन्हाळी राजधानीत बसून मैदानातल्या उन्हाळ्याचा अंदाज येत नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या मते अंदाज येत होता. अहवाल रोज पोहोचत होते. उंचीवरून पाहिले की माणूस आकडा दिसतो.

नळ आले आणि भिश्त्याचा धंदा बसला. तो एका दिवसात बसला नाही. नळ आधी मोठ्या बंगल्यांना मिळाले, बाजारातल्या दाटीच्या घरांना नंतर. तोवर मशक चालतच राहिली. मग १९४७ आले. शिमला तेव्हा पंजाबात होते आणि पंजाबचे जे झाले ते शिमल्याचेही झाले. बहुसंख्य मुसलमान घरदार सोडून गेले. ज्यांनी या शहराला पाणी पाजले त्यांच्या वस्तीची नोंद त्या शहराच्या स्मरणात फारशी उरली नाही. काश्मीरहून येणारे हमाल मात्र येत राहिले. लोक त्यांना ‘खान’ म्हणतात. गाड्यांना बंदी असलेल्या वरच्या बाजारात गॅसचे सिलिंडर, फ्रीज, कपाटे त्यांच्याच पाठीवरून चढतात. पाठ तीच, ओझे बदलले.

२०१५ च्या डिसेंबरात शिमल्यात काविळीची साथ पसरली. हजारांवर माणसे आजारी पडली, काही दगावली. कारण शोधले तर अश्वनी खड्डात वरच्या अंगाच्या सांडपाणी प्रकल्पाचे पाणी मिसळत होते आणि तेच नळाने परत घरात येत होते. जानेवारी २०१६ मध्ये त्या खड्डाचे पाणी बंद करावे लागले. म्हणजे एक मोठा स्रोत शहराने स्वतःच्याच घाणीने गमावला. पुढे २०१७-१८ चा हिवाळा कोरडा गेला, बर्फ नावालाच पडला. मे २०१८ च्या अखेरीस रोजची गरज चार कोटी लिटरांहून अधिक आणि हाती येणारे पाणी त्याच्या निम्मे, अशी अवस्था झाली. काही भागांत आठवडाभर नळ कोरडे राहिले. टँकरपुढे रांगा, रात्री रस्त्यावर बसलेल्या बायका, शाळांना सुटी, उन्हाळी महोत्सव पुढे ढकललेला. आणि शिमलाकरांनीच पर्यटकांना, बाबांनो, यंदा येऊ नका, असे कळवलेले. ज्या शहराचा जन्मच पाहुण्यांसाठी झाला, त्याने पाहुण्यांना दार लावले.

त्या वेळी हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने दिलेला एक आदेश आम्हाला फार बोलका वाटतो. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांचा अपवाद सोडून कोणाही व्यक्तीला, मग तो न्यायाधीश असो, मंत्री असो, अधिकारी असो की हॉटेलवाला, खास टँकर पाठवायचा नाही. गाड्या धुणे आणि बांधकामे आठवडाभर बंद. न्यायालयाला असे सांगावे लागले, यातच तोवर काय चालले होते ते आले. पाणी कमी नव्हते असे नाही. पण कमी पाणीसुद्धा ओळखीच्या उताराने वाहते.

इस्लामी कायद्यात पाण्याच्या हक्काचे दोन भाग केले आहेत. एक हक्क-ए-शफा, म्हणजे तहान भागवण्याचा हक्क. तो माणसाला आणि जनावराला आहे. दुसऱ्याच्या विहिरीवरही तहानलेल्याला अडवता येत नाही. दुसरा शिर्ब, म्हणजे शेतीला पाणी देण्याचा हक्क. तो पहिल्याच्या नंतर येतो. फकिहांनी जनावराची तहान शेताच्या आधी ठेवली, ही गोष्ट आमच्या मौलवींनी जुम्याच्या खुतब्यात जरूर सांगावी. शोभेच्या गवताचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता; त्या काळच्या अरबस्तानात तो येण्याचे कारणही नव्हते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण मात्र आपल्याला लहानपणापासून पाठ असते आणि मशिदीच्या हौदावर नळ वाहता सोडून गप्पाही आपणच मारतो.

२०१८ मध्ये बोट सर्वांत आधी कोणाकडे गेले? नदीच्या वरच्या अंगाला कुहलींनी, म्हणजे छोट्या पाटांनी भाजी-फुलकोबीला पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांकडे. शहराचे पाणी हे पळवतात, अशी ओरड झाली. ज्या ओढ्यांवर पिढ्यान्पिढ्या त्यांची शेते भिजली ते ओढे शहराने पंप लावून वर नेले होते, हे कोणी आठवले नाही. पंपापासून घरापर्यंतच्या जुन्या वाहिन्यांतून रोज लाखो लिटर पाणी गळत होते, ते नंतर दुरुस्त करावे लागले. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण या प्रकरणाला जितकी चपखल बसते तितकी दुसरी कोणती बसणार नाही.

गोल्फचा येथे कितपत दोष? खरे सांगायचे तर शिमल्याची तहान गोल्फने आणली नाही. गळती, सांडपाणी, बेसुमार बांधकाम आणि एकाच महिन्यात लोटणारी गर्दी ही मोठी कारणे. नालदेहराचे मैदान बंद केल्याने रिजखालची टाकी भरणार नाही. पण जागेचा प्रश्न उरतोच. ॲनन्डेल दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे छोटे गोल्फ मैदान, हेलिपॅड आणि संग्रहालय आहे. २०१२ च्या सुमारास राज्य सरकारने क्रीडांगणासाठी ती जागा मागितली तेव्हा उघड वाद झाला. लष्कराचे म्हणणे, आम्ही ठेवली म्हणून ही हिरवाई राहिली. तुमच्या हाती गेली तर सिमेंट होईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, शहरातली एकमेव सपाट जागा मुलांना खेळायला का नसावी? आम्हाला दोन्ही बोलणी खरी वाटतात, आणि हाच त्रास आहे. शिमल्यात ज्या जागा नागरिकांपासून राखून ठेवल्या गेल्या त्या हिरव्या राहिल्या आणि ज्या त्यांच्या वाट्याला आल्या त्यांवर उतारालाही न पेलणारे मजले चढले. लोकांना लोभी म्हणणे सोपे आहे. ज्यांना दीडशे वर्षे उरलीसुरली जागा आणि उरलेसुरले पाणी मिळत गेले, त्यांनी मिळेल तिथे घर बांधले.

आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर घेऊन जॉन माल्कमने तेथे पेठ वसवली. वेण्णा तलाव मात्र माल्कमने बांधला नाही. तो १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. आज ज्या नावेत बसून सहली होतात त्याच तळ्याचे पाणी महाबळेश्वर-पाचगणी पितात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर एप्रिल-मे मध्ये पाण्याची ओढाताण होते. २००१ मध्ये केंद्र सरकारने हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्या बाजारपेठेतली चपलांची, काठ्यांची, चणे-फुटाण्यांची दुकाने चालवणारे आमचे भाईबंद पर्यटकांवरच जगतात. गर्दी घटली तर त्यांची चूल थंड आणि गर्दी वाढली तर नळ कोरडा. हा पेच त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मार्च उलटला की त्यांच्या घरातल्या बायका पिंपे भरून ठेवू लागतात.

शिमल्यात २०१८ नंतर पाणीपुरवठ्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, जुन्या वाहिन्या बदलल्या गेल्या आणि सुन्नीजवळून सतलजचेच पाणी उचलून वर आणण्याची योजना हाती घेण्यात आली. ढल्लीच्या झऱ्यापासून निघालेली वाट अखेर दरीच्या तळाशी, थेट मोठ्या नदीपर्यंत जाऊन पोहोचली. याहून खाली आता नदी नाही.

आणि २०२३ च्या पावसाळ्यात उलटेच झाले. जुलैमध्ये हिमाचलावर आभाळ फाटले. दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले. ऑगस्टमध्ये समर हिलचे शिवमंदिर दरडीखाली गाडले जाऊन भाविकांचे प्राण गेले. जुलैच्या त्या दिवसांत गुम्मा आणि गिरी येथे नद्या गाळाने इतक्या भरून वाहत होत्या की पंप बंद ठेवावे लागले. बाहेर पाऊस थांबत नव्हता आणि शिमल्यातली माणसे बादल्या घेऊन टँकरची वाट पाहत होती. ज्यांना तेवढाही धीर नव्हता ते जुन्या बावड्यांकडे उतरले, त्याच पायऱ्यांनी.